निअँडरथल वाकून चालत नव्हता
निअँडरथल ही हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेली, आपल्या जवळच्या नात्यातली मानवजात. निअँडरथल म्हणजे पोक काढून, गुडघे दुमडून चालणारा रानटी अर्धमानव, हे चित्र काही केल्या डोक्यातून जात नाही. ते निखालस चूक आहे. १९०८ मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सां इथे एका वयस्क पुरुषाचा सांगाडा सापडला. त्यावरून फ्रेंच जीवाश्मतज्ज्ञ मार्सेलँ बूल यांनी अख्खी जमातच वाकवून टाकली! १९५७ मध्ये शरीररचनातज्ज्ञ स्ट्रॉस आणि केव्ह यांनी तीच हाडं पुन्हा तपासली; मणक्यांत चांगलाच संधिवात होता. म्हणजे ते एका आजारी म्हाताऱ्याचं अंग होतं, जमातीची ठेवण नव्हे. बहुतेक दाढा पडलेल्या, जबड्याचं हाड तिथे भरून आलेलं. म्हणजे दात गेल्यावरही गडी बराच काळ जगला. २०१० मध्ये निअँडरथलांचा जनुकीय आराखडा वाचला गेला, आणि ‘ते’ परके उरलेच नाहीत. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत, म्हणजे तुमच्याआमच्यातही, साधारण १ ते २ टक्के डीएनए त्यांचाच आहे.