हौशी एसडीआर रिसीव्हर: टीव्हीच्या डोंगलपासून आजच्या निवडीपर्यंत

जळगाव-धुळ्याकडचा कुणी नवा हौशी "कोणता एसडीआर (सॉफ्टवेअरच्या जोरावर चालणारा रेडिओ) घेऊ?" असं विचारतो तेव्हा उत्तरात तीच ठरलेली नावं येतात. आरटीएल-एसडीआर व्ही३ किंवा व्ही४, एअरस्पाय, एसडीआरप्ले, आणि खिशात पैसे जास्तच झाले असतील तर हॅकआरएफ. ही यादी अशी बनली त्यात चिपांचा इतिहास आहेच, पण एका अर्धवट सुटलेल्या कायद्याचा आणि आपल्याकडच्या विजेचाही हात आहे. तो भाग सहसा कुणी सांगत नाही.

चिपांचा इतिहास २०१२ पासून धरायला हरकत नाही. त्याआधीही सॉफ्टवेअर रेडिओ होते. साउंडकार्डाला जोडायचे छोटे किट मिळत, पण त्यांत एका वेळी साउंडकार्डाच्या आवाक्याएवढाच, म्हणजे ४८, ९६ किंवा फार तर १९२ किलोहर्ट्झचा पट्टा दिसे. त्यापुढचे तयार रिसीव्हर महाग होते. मग लक्षात आलं की टीव्ही पाहण्यासाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलमधली आरटीएल२८३२यू ही चिप एफएम ऐकवताना स्वतः काहीच उलगडत नाही. ती रेडिओ लहरींचे कच्चे ८ बिटी नमुने थेट संगणकाकडे पाठवते आणि बाकीचं काम सॉफ्टवेअरवर सोडते. म्हणजे एफएमच्या जागी दुसरी कुठलीही फ्रिक्वेन्सी लावली तरी चालेल. नमुने न सांडता साधारण २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा एका वेळी मिळू लागला, तोही हॉटेलात दोघांच्या जेवणाला जितके लागतात तितक्या पैशांत.

आपल्याकडे गंमत अशी की ज्या टीव्हीसाठी हे डोंगल बनलं तो टीव्ही खानदेशात कधी आलाच नाही. सरकारी डिजिटल टीव्हीचं जमिनीवरून प्रक्षेपण २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झालं. त्यात आपल्या दक्षिणेला औरंगाबाद होतं आणि सातपुड्यापलीकडे इंदूर, मधल्या तापीच्या खोऱ्यातलं एकही गाव नव्हतं. शिवाय ते प्रक्षेपण डीव्हीबी-टी२ पद्धतीचं होतं आणि ही चिप जुनी डीव्हीबी-टी तेवढीच जाणते. त्यामुळे भुसावळात किंवा नंदुरबारात ज्यांनी 'टीव्ही ट्यूनर' म्हणून ते मागवलं त्यांची निराशा ठरलेली होती. ज्यांना ते कशासाठी घ्यायचं हे माहीत होतं, त्यांच्यासाठी मात्र दुकानदाराला न कळलेला सौदा होता.

आता कायद्याकडे, कारण निवडीच्या चर्चेत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

रेडिओ बाळगायला परवाना लागायचा हे आजच्या तिशीतल्यांना खोटं वाटतं. १९३३ च्या भारतीय बिनतारी कायद्यानुसार बिनतारी उपकरण परवान्याशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा होता, आणि बिनतारी संदेशवहनाच्या व्याख्येत प्रक्षेपणाबरोबर ग्रहणही मोजलेलं होतं. म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही एकाच कलमात. म्हणून घरच्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन दरवर्षी फी भरायची आणि पुस्तिकेवर नोंद करून घ्यायची. १९८०च्या दशकाच्या मध्यात रेडिओ आणि टीव्हीचा हा परवाना गेला. लोकांनी त्याचा अर्थ 'आता ऐकायला परवाना लागत नाही' असा लावला. प्रत्यक्षात सूट मिळाली ती सर्वसाधारण लोकांसाठीचं प्रसारण ऐकणाऱ्या संचांना. मूळ कायदा तसाच राहिला.

मग आकाशवाणीखेरीज दुसरं काही ऐकायचं असेल तर? त्याचीही सोय एकेकाळी होती. हौशी रेडिओच्या नियमांत प्रक्षेपणाच्या परवान्यांखाली 'शॉर्टवेव्ह लिसनर' असा वेगळा वर्ग होता. बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, आणि त्याचा कागद जवळ ठेवायचा. पुढे नियमांची छाटणी झाली, वर्ग कमी करण्यात आले आणि आज हौशी परवाने दोनच उरले आहेत, जनरल आणि रिस्ट्रिक्टेड. दोन्ही बोलणाऱ्यांसाठी. श्रोत्यांचा वर्ग या सुटसुटीतपणात गळाला.

या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की त्या परवान्याला मागणीच नव्हती, ज्याला खरी आवड आहे तो परीक्षा देऊन हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला, होईल, फुकट कागदपत्रं कशाला वाढवायची. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. परीक्षा अवघड नसते आणि हॅम झालेल्याला कुठलाही रिसीव्हर बाळगताना धास्ती वाटत नाही. पण वर्ग काढताना 'केवळ ऐकणाऱ्याला परवाना नको' असं एक वाक्य नियमांत घातलं असतं तर प्रश्न मिटला असता. ते घातलं नाही. त्यामुळे अट राहिली आणि ती पूर्ण करण्याची खिडकी बंद झाली. नंतर स्वस्त डोंगल आले तेव्हा हजारोंच्या संख्येने असे श्रोते तयार झाले ज्यांच्यासाठी कागदाचा कुठला नमुनाच अस्तित्वात नव्हता. माझ्या मते ही छाटणी आळसाची होती. गळालेल्या एका ओळीची किंमत आजही नवख्यांना 'हे कायदेशीर आहे का हो?' असं विचारत मोजावी लागते.

नव्या कायद्यानं ते सुटेल अशी आशा होती. दूरसंचार कायदा २०२३ च्या डिसेंबरात मंजूर झाला आणि जून २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं लागू होऊ लागला. त्यानं १८८५ आणि १९३३ चे दोन्ही जुने कायदे मोडीत काढायचं ठरवलं, पण दूरसंचाराच्या व्याख्येत ग्रहण कायम ठेवलं आणि 'रेडिओ उपकरण बाळगणं' हे परवानगीच्या कलमातही ठेवलं. चोरून संदेश पकडण्याची शिक्षा मात्र कडक झाली: तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीवर वॉकीटॉकी आणि इतर रेडिओ उपकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली.

याचा निवडीवर झालेला परिणाम साधा आहे. जाणते हौशी नवख्याला फक्त ग्रहण करणारं यंत्र घ्यायला सांगतात. हॅकआरएफ २०१४ पासून आहे, १ मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ एवढा त्याचा आवाका आहे, पण ते प्रक्षेपणही करू शकतं. कस्टममध्ये पार्सल अडकलं की 'मी फक्त ऐकणार आहे' हे तिथल्या माणसाला पटवणं जड जातं. शिवाय ऐकण्याच्या बाबतीत तेही ८ बिटीच आहे, त्यामुळे त्या किमतीचा ऐकणाऱ्याला फायदा नाही. आणि यंत्र कुठलंही असो, भुसावळ यार्डातल्या वॉकीटॉकीवर किंवा पोलिसांच्या वाहिनीवर कान लावणं हा छंदात मोडणारा प्रकार नाही. प्रसारण केंद्रं, हॅम मंडळींच्या गप्पा, हवामान उपग्रह एवढ्यातच भरपूर आहे.

चिपांच्या बाजूला दरम्यान बरंच काही घडलं. सुरुवातीच्या डोंगलांमध्ये ई४००० हा ट्यूनर, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणारी चिप, असे. तो २२०० मेगाहर्ट्झपर्यंत जायचा, मधे ११०० ते १२५० च्या आसपास त्याला भगदाड होतं. तो बनवणारी कंपनी बंद पडली, उरलेला साठा चढ्या भावानं विकला गेला आणि आर८२०टी हा ट्यूनर सर्वत्र आला: साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ, मधे खिंड नाही. पुढची बहुतेक स्वस्त यंत्रं याच घराण्यातली.

या डोंगलांचं खरं दुखणं उष्णता. परदेशी परीक्षणांत ते एका वाक्यात आटोपतं, कारण तिथे मे महिन्यात धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, ४५ अंश नसतात. निळ्या-काळ्या प्लॅस्टिकच्या डोंगलमधला फ्रिक्वेन्सीचा ठेका धरणारा साधा क्रिस्टल ५० पीपीएमनं (दहा लाखांत ५० भागांनी) चुकीचा असणं नवल नव्हतं. हॅमच्या १४५ मेगाहर्ट्झवर ही चूक सात किलोहर्ट्झच्या पुढे जाते, म्हणजे साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनलचा निम्म्याहून जास्त भाग. चूक कायम असती तर सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा भरून काम भागलं असतं. पण सकाळी सातला पाण्याच्या टाकीखाली ठेवलेलं डोंगल साडेअकराला हात लावू देत नाही आणि सकाळचा आकडा तोवर निकामी झालेला असतो. वेळेनुसार खाली सरकणाऱ्या 'धबधब्याच्या' (वॉटरफॉल) चित्रात सिग्नलची रेघ तिरकी होत बाजूला सरकताना दिसते. फार तापलं तर दीड गिगाहर्ट्झच्या आसपास ट्यूनरचं लॉकच सुटतं आणि पडद्यावर नुसती खरखर उरते.

म्हणून अॅल्युमिनियमची डबी, आत उष्णता बाहेर नेणारा पॅड आणि १ पीपीएमचा तापमान-भरपाईवाला ऑसिलेटर (ठेका धरणारा भाग) असलेलं आरटीएल-एसडीआर व्ही३ आलं, तेव्हा आपल्याकडे त्याचा फरक सगळ्यात आधी जाणवला. दोन-अडीच हजार जास्त पडले तरी लोक कुरकुरले नाहीत. त्यात ट्यूनर बाजूला ठेवून शॉर्टवेव्ह थेट घेण्याची सोयही होती. चिप २८.८ मेगाहर्ट्झनं नमुने घेते, त्यामुळे ही सोय १४.४ पर्यंत नीट चालते. त्याच्या वरचं आरशासारखं खाली उमटतं, म्हणजे १४.६ वरचं केंद्र १४.२ वर, हॅमच्या पट्ट्यात येऊन बसतं. शिवाय या मार्गात गाळणी (नको ते सिग्नल अडवणारा फिल्टर) अशी नसतेच. जळगाव शहरात मीडियम वेव्हवर आकाशवाणीचं ९६३ किलोहर्ट्झचं केंद्र जोरात असलं की ते सगळीकडे पसरायचं आणि ७ मेगाहर्ट्झवरचे हॅम त्याखाली दबायचे. शहरातल्या एफएम केंद्रांचंही तसंच. गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) ४९.६ वर, म्हणजे कमाल, नेऊन ठेवायचा आणि मग 'डोंगल बहिरं आहे' म्हणायचं, हा प्रकार अजून चालतो. ८८ ते १०८ अडवणारा छोटा फिल्टर लावला की बहिरेपण जातं.

८ बिट विरुद्ध १२ बिट हा वाद इथूनच पेटला. कागदावर ८ बिटांना क्षीण ते जोरदार सिग्नलमधला सुमारे ५० डेसिबलचा आवाका मिळतो, १२ बिटांना ७४. एअरस्पाय आणि एसडीआरप्ले याच बळावर विकले गेले, एअरस्पाय एचएफ+ तर २०१७ मध्ये शॉर्टवेव्हवाल्यांचं दैवतच झालं. केंद्राच्या मनोऱ्याजवळ राहणाऱ्याला तो फरक पैसे वसूल करून देतो. पण यावल-रावेरच्या पट्ट्यात, केळीच्या मळ्यात घर असलेल्याची अडचण वेगळी. तिथे जोरदार केंद्र नाही, तर गोंगाट आहे. सौर पंपांचे कंट्रोलर, इन्व्हर्टर, स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मिळून शॉर्टवेव्हवर जो थर चढवतात त्याच्याखालचा सिग्नल १२ काय, १६ बिटही बाहेर काढू शकत नाहीत. पूर्वी लोडशेडिंगला शिव्या घालणाऱ्या गावात एकटा रेडिओवाला खूश असायचा. गाव अंधारात गेलं की दहा मिनिटांत पट्टा स्वच्छ. लॅपटॉप बॅटरीवर, तार आंब्याच्या झाडावर, आणि ७ मेगाहर्ट्झवर दक्षिणेतले हॅम शेजारी बसल्यासारखे. ज्याच्याकडे असा गोंगाट आहे त्यानं महाग रिसीव्हरआधी अँटेना घरापासून लांब नेण्याच्या केबलवर पैसे घालावेत, हे माझं मत जुनं आहे आणि बदललेलं नाही.

शॉर्टवेव्हसाठी खास यंत्र घेण्याचं कारणही मधल्या काळात झिजलं. सिलोनचं स्टेशन आणि बीबीसीची हिंदी सेवा ऐकत एक पिढी इथे मोठी झाली. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. उरलं ते चिनी केंद्रं, धार्मिक प्रसारणं, हॅम आणि काही सरकारी सेवा.

त्याच सुमारास बहुतेक नवखे उपग्रहांकडे वळले. अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झवर साधं अॅनलॉग चित्र पाठवायचे. प्रत्येकी सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन सळया १२० अंशांत उघडून ठेवल्या की अँटेना तयार. पावसाळ्यात अरबी समुद्रावरचे ढग स्वतःच्या लॅपटॉपवर ओळीओळीनं उतरताना पाहिले की मुलं या छंदात पडायचीच. उत्तरेकडून उगवणारा उपग्रह सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना जरा उशिरा सापडतो, एवढीच तक्रार. २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये हे तिन्ही उपग्रह एकापाठोपाठ निवृत्त झाले. आता रशियाचे मेटिओर त्याच पट्ट्यात डिजिटल चित्र पाठवतात. ते उलगडायला सॉफ्टवेअर वेगळं लागतं, पण रुंदी दीडशे किलोहर्ट्झच्या आत असल्यानं जुनं डोंगल पुरतं. विमानांच्या स्वतःचं ठिकाण सांगणाऱ्या १०९० मेगाहर्ट्झच्या संदेशांनाही तेच पुरतं, आणि खानदेशावरून उंचावरून जाणारी विमानं मोकळ्या क्षितिजावर जवळजवळ ४०० किलोमीटरपर्यंत दिसू शकतात.

२०२३ मध्ये व्ही४ आलं. त्यात आर८२८डी हा वेगळा ट्यूनर आहे आणि शॉर्टवेव्ह वर उचलून घेणारा अपकन्व्हर्टर आतच बसवलेला असल्यानं १४.४ ची आरशाची भानगड मिटली. पण त्याला नवे ड्रायव्हर लागतात. जुन्या ड्रायव्हरवर ते जोडून 'बिघडलेलं आलं' म्हणत परत पाठवणारे कमी नाहीत. शिवाय हा ट्यूनर आता कारखान्यात बनत नाही, शिल्लक साठ्यावरच व्ही४ काढलं गेलं. म्हणून बनवणाऱ्यांनी व्ही३ बंद केलं नाही. ऑनलाइन दुकानांत या दोन्हींच्या नावानं नकला सर्रास मिळतात, त्यातल्या बऱ्याच अजूनही 'टीव्ही ट्यूनर' याच सदरात नोंदवलेल्या असतात.