नाकाच्या शेंड्यापासून निघालेली रेघ

फ्रेंच कलावंत क्लोद मेलाँचं 1649 सालचं येशूच्या चेहऱ्याचं मुद्राचित्र, म्हणजे पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र, लांबून साधंच वाटतं. भिंग लावलं की गंमत कळते. नाकाच्या शेंड्यावर एक रेघ सुरू होते आणि चकलीसारखी गोल गोल फिरत कडेपर्यंत जाते. डोळे, दाढी, काट्यांचा मुकुट, सगळं त्या एकाच रेघेत. रेघांची आडवीउभी जाळी चेहऱ्यावर कुठेच नाही.

मग सावली आली कुठून? कोरणीच्या दाबातून. ब्यूरिन ही पोलादी कोरणी तांब्याच्या पत्र्यात इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा चर पाडते. हात जरा दाबला की चर खोल होतो आणि तितकाच रुंदही. खोली दुप्पट, तर रुंदी दुप्पट. म्हणजे चरात मावणारी शाई चौपट! वळण घेताना कारागीर मनगट वळवत नाही. चामड्याच्या उशीवरचा पत्राच दुसऱ्या हातानं फिरवतो. चूक झालीच, तर तिथलं तांबं घासून, मागून ठोकून सपाट करत बसायचं.

खाली सहीसोबत लॅटिनमध्ये 'राजवाड्यात' अशी नोंद आहे. मेलाँ पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात राहायचा. राजाश्रय म्हणजे नुसतं मानधन नव्हे, तो पत्ताही मोलाचा: तिथल्या कलावंतांना 1608 पासून पॅरिसच्या कारागीर-संघांचे नियम लागू नव्हते. शहरातल्या बाकी कोरणाऱ्यांना मात्र 1660 पर्यंत थांबावं लागलं. लग्नासाठी सँ-ज्याँ-द-ल्यूझ या गावी गेलेल्या राजा चौदाव्या लुईनं तिथून हुकूम काढला, की कोरणं ही मुक्त कला आहे, तिला संघाचं बंधन नाही.

पण छापणार कोण? फ्रेंच कलावंत अब्राम बॉसच्या 1642 च्या चित्रात छापखाना दिसतो. एकजण पत्र्यावर शाई भरतोय, दुसरा वरची शाई तळहातानं पुसतोय, तिसरा जोर लावून यंत्राचे दांडे ओढतोय. खरी परीक्षा पुसणाऱ्याची, असं मला वाटतं. जास्त पुसलं तर चरातली शाई निघते, कमी पुसलं तर कागद मळकट येतो. मग ओलसर कागद दाबाखाली चरांत शिरतो आणि शाई उचलतो.

तांबं मऊ. प्रत्येक पुसण्यानं, प्रत्येक दाबानं ते झिजतं, आणि सगळ्यात उथळ चर आधी बुजतात. मेलाँच्या चेहऱ्यात ते उजेडाच्या जागी आहेत, गालावर आणि कपाळावर. जाणकार संग्राहक सुरुवातीच्या प्रती शोधतात ते यासाठीच: त्यांत तिथली रेघ अजून तुटलेली नसते.