हीटर गार, इंजिन गरम: जुन्या पिकअपचा दोष असा शोधा

हीटर गार हवा फेकू लागला की डॅशबोर्ड खोलण्याची घाई करू नका. आधी बोनेट उघडून कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी पाहा. हीटरमध्ये फिरतं ते इंजिनचंच कूलंट, आणि पातळी उतरली की बहुतेक गाड्यांत तापमानाचा काटा हलण्याआधी हीटरच गार पडतो. गाडी उभी असताना गार आणि रेस दिल्यावर गरम हवा येत असेल, तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा वॉटर पंपाची पाती गंजून झिजली आहेत.

रेडिएटरचं टोपण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढा. बाहेरच्या हवेपेक्षा १ बार जास्त दाबाखाली पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसला उकळतं. गरम असताना टोपण काढलं की दाब सुटतो आणि उकळतं कूलंट उसळून अंगावर येतं. टोपण हातात आहे तोवर त्याचं रबरही पाहून घ्या. चिरलेलं असेल तर दाब टिकत नाही. नवं टोपण घेताना जुन्यावर छापलेला दाब पाहू नका, गाडीच्या पुस्तकातला पाहा. मधल्या काळात कुणीतरी भलतंच बसवलेलं असू शकतं.

पातळी बरोबर असेल तर इंजिन नेहमीइतकं तापू द्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि केबिनकडे जाणाऱ्या दोन्ही होज पाइपांना जपून हात लावा. सैल बाह्या आणि हात पंख्यापासून, बेल्टपासून लांब. दोन्ही पाइप गरम, तरी हवा गार? मग दोष डॅशबोर्डमधल्या, हवा वळवणाऱ्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये आहे. जुन्या गाडीत केबल क्लिपमधून निसटलेली असते, एवढंच. एक पाइप गरम आणि दुसरा कोमट असेल तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) गाळाने तुंबला आहे किंवा वाटेतला व्हॉल्व्ह अडकला आहे. दोन्ही कोमट, काटाही खालीच, तर थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय.

तुंबलेला कोअर बऱ्याचदा धुऊन सुटतो. इंजिन थंड असताना दोन्ही पाइप काढा आणि नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, स्वच्छ पाणी येईपर्यंत, हलक्या दाबाने पाणी सोडा. नळ पूर्ण उघडू नका, जुने झाळलेले सांधे उकलतात. पाइप निघत नसेल तर पिळू नका, ब्लेडने उभा चिरा. पाइप नवा टाकणं स्वस्त. कोअरची नळी मोडली तर बहुधा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. काचेवर आतून तेलकट वाफ, गोडसर वास आणि पायाखालची ओली मॅट दिसली तर कोअर फुटलाच आहे, धुण्यात वेळ घालवू नका.

इंजिन तापत असेल तर कधी तापतं ते नीट लक्षात ठेवा, निम्मं निदान त्यातच होतं. उभ्या गाडीत किंवा गर्दीत तापतं आणि वेगात उतरतं, तर पंखा पाहा. व्हिस्कस क्लच (तापल्यावर पंख्याला जोर देणारा, आत दाट तेल असलेला जोड) असेल तर इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवा. भिंगरीसारखा फिरत राहिला किंवा क्लचवर तेलाचे ओघळ असले तर क्लच गेला. वेगात, चढावर, भरल्या गाडीत तापतं, तर रेडिएटर तुंबलेला असतो, किंवा खालचा होज पंपाच्या ओढीने आत चेपतो.

थर्मोस्टॅट घरीही तपासता येतो. पाण्यात टांगून पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास, बहुधा ८२ ते ८८ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे. बसवताना स्प्रिंग इंजिनच्या बाजूला. थर्मोस्टॅट काढून गाडी चालवण्याची युक्ती आम्ही कुणालाच सांगत नाही: इंजिन नीट तापत नाही, हीटर मरतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या. गाडीचं नाक चढाकडे ठेवा, हीटर गरमवर, टोपण उघडं. थंड इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्या आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा.

बुडबुडे थांबतच नसतील, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) गेल्याची शंका घ्या. अशी गाडी चालवत आणू नका, टो करून आणा.