बुटक्यानं राक्षसाशी पंजा लढवला तर

दिवाळीच्या सुट्टीत भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी हॉलमध्ये सतरंजीवर गोल करून बसल्या होत्या. मधोमध चिवड्याचं ताट, पेन्सिली आणि चकलीच्या तुकड्यांत हरवणारा वीस बाजूंचा फासा. खेळ होता ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’: प्रत्येकीनं एक काल्पनिक पात्र व्हायचं, गोष्ट पुढे न्यायची आणि बेत जमला की फसला ते फाशावर ठरवायचं. भाचीचं पात्र हाफलिंग वंशाचं, म्हणजे जेमतेम तीन फूट उंचीचा, अठरा किलो वजनाचा बुटका. खाणावळीत बसल्या बसल्या त्यानं एका ओगरला पंजा लढवायचं आव्हान दिलं. ओगर हा नऊ-दहा फुटी राक्षस. ओगरच्या नावानं फासा पडला ६, बुटक्याच्या नावानं १८. बुटका जिंकला आणि पोरींनी घर डोक्यावर घेतलं.

मी म्हटलं, “अगं, तीन वर्षांच्या पोराएवढा तो, आणि राक्षसाचा हात पाडतोय?”

“मामा, फासा पडला ना? मग झालं!”

झालं कसं? माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी तिची नियमपुस्तकं घेऊन बसलो.

खेळाची कल्पना साधी आहे. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्सनं तो बाजारात आणला. मूळ रचना त्याची आणि डेव्ह आर्नेसनची. प्रत्येक पात्राला सहा गुण असतात, त्यातला पहिला ताकद. जुन्या पद्धतीत तीन साधे फासे टाकायचे आणि बेरीज करायची: ३ ते १८. तीन फासे एकूण २१६ प्रकारे पडू शकतात. त्यात १८ येण्याचा प्रकार फक्त एक, पण १० किंवा ११ येण्याचे ५४. म्हणजे बहुतेक जण मधले, अचाट एखादाच. माणसांची उंची मोजली तरी असाच घंटेच्या आकाराचा आलेख मिळतो, त्यामुळे इथवर माझी काही तक्रार नाही.

गडबड वंशांपासून सुरू होते. १९७८ च्या नियमांत प्रत्येक वंशाला ताकदीची कमाल मर्यादा होती, आणि एवढ्यावर न थांबता बाईची मर्यादा पुरुषापेक्षा खाली बांधली होती. बायकांवरची ती मर्यादा पुढच्या आवृत्तीत गेली. वंशाप्रमाणे गुणांत बेरीज-वजाबाकीही तेव्हापासूनच होती, नंतर ती वाढली: अर्धा ऑर्क (माणूस आणि ऑर्क नावाचा आडदांड काल्पनिक जीव यांचं अपत्य) असाल तर ताकदीत दोन वाढवा, हाफलिंग असाल तर दोन कमी करा. २०२४ च्या नियमांत ‘वंश’ हा शब्दच गेला, त्याजागी ‘प्रजाती’ आली, आणि गुणांची वाढ पात्राच्या पूर्वायुष्याला जोडली गेली. बरंच झालं. पण माझा प्रश्न शब्दाचा नव्हता, स्नायूंचा होता.

स्नायू म्हणजे दोऱ्यांची जुडी. दोरखंड किती ओढ सहन करेल हे त्याच्या लांबीवर ठरत नाही, जाडीवर ठरतं. स्नायूचंही तसंच. आडवा कापला तर दिसणाऱ्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे तो साधारण २५ ते ३० न्यूटन जोर लावतो, म्हणजे तीनेक किलो वजन पेलण्याइतका. हा आकडा उंदरात आणि हत्तीत फारसा बदलत नाही.

आता एखादा प्राणी सर्व बाजूंनी दुप्पट करा. उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडी दुप्पट. स्नायूचा छेद चौपट झाला, म्हणून ताकद चौपट. पण घनफळ आठपट झालं, म्हणून वजन आठपट. वजनाच्या हिशेबात तो निम्मा दुबळा झाला. गॅलिलिओनं १६३८ सालीच हे मांडलं होतं. नुसतं मोठं केलेलं हाड का चालत नाही हे दाखवायला त्यानं लहान आणि बेढब जाड अशी दोन हाडं शेजारी शेजारी काढली होती.

‘मुंगी स्वतःच्या पन्नासपट वजन उचलते, मग ती माणसाएवढी झाली तर ट्रक उचलेल’ हे शाळेत ऐकलेलं वाक्य याच नियमावर आपटून फुटतं. पाच मिलिमीटरच्या मुंगीला माणसाच्या उंचीची करायचं तर लांबी साडेतीनशेपट करावी लागेल, आणि वजनाच्या तुलनेतली तिची ताकद तितक्याच पटींनी घटेल. पन्नास भागिले साडेतीनशे. ट्रक राहू द्या, बाईंना स्वतःचे पायही पेलवणार नाहीत.

माणसांतही हे दिसतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटातल्या नाइम सुलेमानोग्लू या वेटलिफ्टरनं क्लीन अँड जर्कमध्ये १९० किलो डोक्यावर नेले, स्वतःच्या तिप्पट. लाशा तालाखाझेनं २०२१ मध्ये २६७ किलो उचलून विक्रम केला, पण त्याचं स्वतःचं वजन १७० किलोच्या वर. दीडपटच झालं ते. छोटा पैलवान वजनाच्या मानानं भारी पडतो, पण एकूण वजन मोठाच जास्त उचलतो. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि लोकांचा घोळ नेमका इथेच होतो.

हे डोक्यात ठेवून मी २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचे तक्ते उघडले आणि खुर्चीतून उठलोच. तिथे मध्यम आकाराचा प्राणी ४ ते ८ फुटांचा, त्यावरचा ८ ते १६, त्यावरचा १६ ते ३२. वजनाची कमाल ५०० पौंड, मग ४,०००, मग ३२,०००. उंची दुप्पट, वजन आठपट! गॅलिलिओ तक्त्यात येऊन बसलाय. मग ताकद? आकार एक पायरी वाढला की ताकदीचा गुण आठनं वाढतो. गुण १० ला कमाल ओझं १०० पौंड, गुण १८ ला ३०० पौंड, आणि मोठ्या आकारासाठी त्याची पुन्हा दुप्पट: ६००. म्हणजे सहापट. पुढची पायरी: गुण २६ ला ९२० पौंड, त्याची चौपट ३,६८०. पुन्हा सहापटीच्या आसपास. भूमितीप्रमाणे ताकद चौपट व्हायला हवी, वजन आठपट होतंय, आणि खेळ बरोबर मध्ये उभा आहे. राक्षसाला थोडं जास्तच बळ दिलंय, पण मोठं होण्याची किंमत त्याच्याकडून वसूलही केली आहे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हा पसारा आवरला. ताकदीच्या गुणाला १५ नं गुणा, तेवढे पौंड ओझं; आकाराच्या प्रत्येक वरच्या पायरीला दुप्पट. गुण १० चा माणूस ६८ किलो वाहतो. नेपाळी भारवाहकांवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुष सरासरी आपल्या वजनाच्या ९३ टक्के ओझं नेताना आढळले होते, पण ते जन्मभर तेच करणारे लोक. इथे कुणीही सोम्यागोम्या तेवढं पाठीवर टाकून चाल न मंदावता निघतो. सोळा फुटी डोंगरी राक्षसाचं गणित मात्र छान बसतं: उंची माणसाच्या २.८ पट, तिचा वर्ग ७.८, आणि तो ओझं वाहतो ८.४ पट. फसलाय तो बुटका. लहान आकारासाठी या आवृत्तीत काहीच कपात नाही. त्याच्या अठरा किलो वजनावरून हिशेब केला तर त्यानं माणसाच्या ४० टक्क्यांच्या आसपास ओझं वाहावं. ताकदीचा गुण ८ धरला तर तिसऱ्या आवृत्तीत तो ६० टक्के वाहायचा, पाचवीत ८० टक्के. चोपन्न किलो, म्हणजे स्वतःच्या तिप्पट, आणि तेही दिवसभर!

जाता जाता एक. घटोत्कचाचा सांगाडा सापडल्याचा फोटो तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल. तो २००२ सालच्या एका फोटो-करामतीच्या स्पर्धेसाठी बनवलेला आहे. मूळ छायाचित्र न्यूयॉर्क राज्यातल्या मॅस्टोडॉनच्या, म्हणजे हत्तीसारख्या एका नामशेष प्राण्याच्या, उत्खननाचं. पण हा इतिहास ठाऊक नसला तरी हरकत नाही. त्यातल्या हाडांची प्रमाणं तुमच्या-माझ्यासारखीच आहेत, हीच चोरी. एवढ्या उंच देहाला आपल्या प्रमाणातली मांडी पुरलीच नसती. खेळातला राक्षस निदान कबूल तरी करतो की तो काल्पनिक आहे.

अर्ध्या ऑर्कचं काय? उंची माणसासारखीच, मग जास्त बळ कुठून? आकाराच्या मानानं जास्त बळ असलेला प्राणी खरोखर आहे: चिंपँझी. तो माणसाच्या पाचपट ताकदवान असतो हे वर्षानुवर्षं छापलं गेलं. २०१७ च्या एका संशोधनात तेवढ्याच आकाराच्या स्नायूची तुलना केली तेव्हा फरक निघाला १.३५ पट. कारण त्याच्या स्नायूंत झटपट आकुंचन पावणारे तंतू दोन तृतीयांश आहेत, आपल्यात साधारण एक तृतीयांश. आपण लांब चालण्यासाठी बनलोय. ऑर्कचे दोन गुण म्हणजे ओझ्यात २० टक्के वाढ. म्हणजे तेवढ्याच आकाराच्या स्नायूत चिंपँझी त्याला भारी पडेल.

आता पंजा. ओगरची ताकद १९, म्हणून नियमाप्रमाणे त्याच्या फाशात अधिक ४. बुटक्याची ८, म्हणून उणे १. फरक पाचाचा. पण वीस बाजूंच्या फाशावर १ येणं आणि २० येणं सारखंच सोपं. दोघांचे मिळून ४०० प्रकार, त्यातल्या १०५ मध्ये बुटका जिंकतो. २६ टक्के! दर चार डावांत एकदा. ओझ्याचे तक्ते कितीही सुधारा, ताकद इथे नशिबाच्या आवाजात बुडून जाते.

संध्याकाळी मी भाचीला सुचवलं, पंज्यापुरते वीस बाजूंच्या फाशाऐवजी तीन साधे फासे टाका. मधले आकडे जास्त पडतील आणि बुटक्याची शक्यता दहा टक्क्यांच्या खाली येईल. तिनं कागदावर मांडून बघितलं, तोंड वाकडं केलं, पण मान्य केलं. पुढच्या डावात ओगरनं बुटक्याचा हात टेबलावर आपटला.

“मग उडी पण त्याची लहान का रे मामा?” तिनं विचारलं. मी सांगितलं, नाही. उडीची ऊर्जा स्नायूंच्या वजनातून येते आणि उचलायचंही शरीराचंच वजन, त्यामुळे उडीच्या उंचीत आकार जवळपास कटून जातो. नियमपुस्तकातही उडी फक्त ताकदीवर ठरते, आकार विचारतच नाही. तिनं पान उलटून खात्री केली: आठ फूट लांब. ओगर हसत असतानाच बुटका बाकावरून उडी मारून दाराबाहेर पळाला होता.