थ्री नॉट थ्रीचे कारखाने: एन्फिल्ड ते इशापूर

पोलीस ठाण्याच्या दारात, कोषागाराच्या पहाऱ्यावर आणि एनसीसीच्या कवायतीत जी लांब, लाकडी अंगाची बंदूक वर्षानुवर्षं दिसली, तिला आपण थ्री नॉट थ्री म्हणतो. ते तिच्या नळीचं माप, ०.३०३ इंच. तिचं नाव ली-एन्फिल्ड. एनसीसीत ती पहिल्यांदा खांद्यावर घेतली तेव्हा चार किलोंचं वजन जाणवलं. मग दस्त्याच्या मुळाशी, बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या दट्ट्याच्या दांडीखालच्या पोलादी पट्टीवर नजर गेली. तिथे मुकुट, साल आणि ‘इशापूर’ असं ठोकलेलं होतं. ‘इंग्रजांची बंदूक’ बंगालात घडली होती, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

नावातला ‘ली’ म्हणजे जेम्स पॅरिस ली. जन्म स्कॉटलंडचा, बालपण कॅनडातलं आणि कर्तृत्व अमेरिकेतलं. त्याची बोल्टची रचना आणि खालून बसणारं पेटीसारखं मॅगझिन ब्रिटिश लष्कराने १८८८ साली स्वीकारलं. त्या पहिल्या बंदुकीच्या नळीतले चर, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, मेटफर्ड या इंग्रज अभियंत्याच्या पद्धतीचे, उथळ आणि गोलसर होते. काळ्या दारूला ते सोसले. पण धूर न करणारी कॉर्डाइट दारू आली आणि तिच्या उष्णतेने ते भराभर झिजू लागले. मग एन्फिल्डच्या कारखान्याने खोल, चौकोनी कडांचे पाच चर काढले आणि १८९५ मध्ये बंदुकीचं नाव ली-एन्फिल्ड झालं.

हा सरकारी कारखाना लंडनच्या उत्तरेला, नदीकाठी होता. (त्या नदीचं नावही उच्चाराने ‘ली’च, पण तो निव्वळ योगायोग.) एन्फिल्ड हे नाव आपल्याला १८५७च्या काडतुसांमुळे ठाऊक आहे. त्याच दशकात या कारखान्याने अमेरिकेतून यंत्रं आणली होती. सुटे भाग इतके सारखे घडायचे की एका बंदुकीचा भाग दुसरीला बसावा. तोवर कारागीर कानस मारून एकेक बंदूक जुळवत. यंत्रांमुळे सुटे भाग बाहेरून मागवणंही सोपं झालं. इंग्लंडमधल्या रेडिचच्या एका सायकल कंपनीला असंच एन्फिल्डच्या भागांचं काम मिळालं आणि तिने ‘रॉयल एन्फिल्ड’ हे नाव घेतलं. आपली बुलेट त्याच घराण्यातली.

१९०७चं मार्क थ्री हे मॉडेल देखणं होतं, पण ते घडवायला फार वेळ लागे. पहिल्या महायुद्धात रोज हजारोंनी बंदुका हव्या होत्या. म्हणून १९१६ मध्ये लांब पल्ल्याची बाजूची माशी, मॅगझिन बंद करणारी पट्टी असले भाग गाळून टाकले आणि नावापुढे एक तारा लागला. एन्फिल्डबरोबर बर्मिंगहॅमची बीएसए आणि लंडन स्मॉल आर्म्स याही कंपन्या कामाला जुंपलेल्या होत्या.

साम्राज्याच्या दूरच्या टोकांना मात्र प्रत्येक कारखान्याने या बंदुकीवर आपली खूण ठेवली. ऑस्ट्रेलियातला लिथगोचा कारखाना १९१२ मध्ये सुरू झाला, यंत्रं अमेरिकेतली. दस्त्यासाठी युरोपातलं अक्रोडाचं लाकूड परवडेना, म्हणून तिथलंच कोचवुड वापरलं. ते मऊ पडलं. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने ते दबू नये म्हणून आत तांब्याच्या छोट्या पट्ट्या बसवल्या. इशापूर हुगळीच्या काठी. तिथे आधी बंदुकीच्या दारूचा जुना कारखाना होता. त्याच जागी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायफल फॅक्टरी उभी राहिली. इथल्या अनेक बंदुकांच्या लाकडातून एक स्क्रू आडवा गेलेला दिसतो. लाकूड उभं फुटू नये यासाठी केलेली ती सोय. जगभरचे संग्राहक तिला ‘इशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आराखडा लंडनहून आला, पण इथल्या लाकडाची अडचण इथल्याच माणसांनी सोडवली. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, स्क्रू तेवढा आहे. या बंदुकीची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनत. त्यांच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं असत.

दुसऱ्या महायुद्धात हे काम पुन्हा नव्या जागी गेलं. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले आणि ५३ कामगार ठार झाले. सगळं उत्पादन एका छपराखाली ठेवणं किती धोक्याचं आहे ते त्या रात्री कळलं. ली-एन्फिल्डचं जाड नळीचं, घडवायला सोपं नवं मॉडेल ‘नंबर फोर’ ब्रिटनमधल्या शर्ली, फझाकर्ली आणि माल्टबी इथल्या कारखान्यांत बनू लागलं. खुद्द एन्फिल्ड तेव्हा ब्रेन मशीनगन बनवण्यात गुंतलेलं होतं. कॅनडात टोरंटोजवळ लाँग ब्रँचला नऊ लाखांवर नंबर फोर झाल्या. अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने दहा लाखांवर केल्या आणि त्यांवर ‘अमेरिकेची मालमत्ता’ असा शिक्का मारला, कारण त्या ब्रिटनला उसन्या दिल्या जात होत्या. घाईत काही नळ्यांना पाचाऐवजी दोनच चर पाडले.

इशापूर आणि लिथगो जुन्या मार्क थ्रीवरच राहिले. ऐन युद्धात सगळी यंत्रं आणि साचे बदलणं त्यांना शक्य नव्हतं. फाळणीत शस्त्रांचे कारखाने भारताकडे राहिले. पाकिस्तानने १९५१ मध्ये वाह इथे कारखाना काढून फझाकर्लीच्या यंत्रांवर नंबर फोर बनवली. एकाच बंदुकीच्या दोन शाखा सीमेच्या दोन बाजूंना गेल्या. इशापुरात मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

१९६२च्या चीन युद्धानंतर इशापूरने जे केलं ते फारसं कोणी सांगत नाही. ७.६२ मिलिमीटरचं नवं काडतूस सोसेल असं पोलाद वापरून, बारा गोळ्यांचं चौकोनी मॅगझिन लावून तिथे ‘टू-ए’ आणि मग ‘टू-ए-वन’ रायफल बनली. दिसायला तीच थ्री नॉट थ्री, पण आतून नवी. नियमित सैन्यासाठी नव्याने आखलेल्या बोल्ट-ॲक्शन रायफलींत ही जगातल्या अगदी शेवटच्यांपैकी. त्याच कारखान्यात एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफलही बनू लागली आणि लष्कराने तिला पसंती दिली.

जुन्या बंदुका पोलिसांकडे उरल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर आमच्या काही पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्रीच होती. त्या बंदुकीला दोष देण्यात अर्थ नाही, ती तोवर त्यांच्या हाती ठेवली गेली होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात निरोप दिला. एन्फिल्डचा कारखाना त्याआधीच, १९८८ मध्ये बंद झाला होता. तिथे आता घरं आहेत.

इशापूर चालूच राहिलं. ऑक्टोबर २०२१ पासून ते कानपूरच्या एका सरकारी कंपनीचा भाग आहे. आपल्याकडे परवानाधारकाला थ्री नॉट थ्री ठेवता येत नाही, कारण ते लष्करी माप. त्याच्यासाठी तिथे .३१५ची रायफल निघाली. तिचा बोल्ट मागे ओढला की जो खटका ऐकू येतो, तो जेम्स लीच्या रचनेचा.