स्टील कट ओट्स नावाच्या कण्या

गेल्या पावसाळ्यात भाच्याने मुंबईहून आईसाठी एक डबा पाठवला. वर लिहिलेलं, स्टील कट ओट्स. आईची साखर जरा वर गेलेली, डॉक्टरांनी नाश्त्याला ओट्स सुचवलेले. त्याआधी मी बाजारातून चपटे ओट्स आणले होते, ते तिने दोन दिवस खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी गाईच्या घमेल्यात ओतले. "हा लगदा माझ्याच्याने गिळवत नाही," एवढंच म्हणाली. आता हा नवा डबा आल्यावर तिने मूठभर दाणे सुपात घेतले, पाखडले, एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाली, "अरे, या तर कण्या!"

डब्यावर बारीक अक्षरांत बराच मजकूर होता, पण त्यातल्या कशानेच मला इतकं चटकन समजलं नसतं. तांदूळ सडताना जे तुकडे पडतात त्या कण्या. ओटचा सोललेला अख्खा दाणा पोलादी पात्यांनी दोन-तीन ठिकाणी कापला की त्याच्याही कण्याच होतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन गावी फर्डिनांड शूमाकर नावाच्या जर्मन माणसाच्या गिरणीने हा माल गाजवला. दगडी जात्यात ओट भरडला की पीठच फार पडायचं, पात्यांनी ते पडणं कमी झालं. नावातलं 'स्टील' त्या पात्यांचं.

ओट म्हणजे जई. उत्तर भारतात ती पिकते, पण बहुतेक जनावरांच्या चाऱ्यासाठी. थंड, ओलसर हवेचं हे पीक. ओलाव्याचं म्हणाल तर आपल्या कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, पण ती थंडी कुठून आणायची? स्कॉटलंडमधल्या कारब्रिज गावात १९९४पासून ओटची पेज शिजवण्याची जागतिक स्पर्धा भरते. पारंपरिक गटात तीनच जिन्नस चालतात: ओट, पाणी आणि मीठ. हे वाचून मला हसू आलं. आमच्याकडे याला स्पर्धा म्हणत नाहीत, सकाळ म्हणतात.

ओटमध्ये स्निग्धांश बराच असतो, शंभर ग्रॅममध्ये सहा-सात ग्रॅम. पांढऱ्या तांदळात तो जेमतेम एखादा ग्रॅम भरेल. त्यातच दाण्याच्या बाहेरच्या थरांत लायपेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. दाणा सोलला, कापला की हे विकर तेलाला भिडतं आणि माल खवट, कडवट होतो. म्हणून गिरणीत दाण्याला आधी वाफ देऊन कोरडी आच दाखवतात, म्हणजे विकर निकामी होतं. आपला उकडा तांदूळ याचाच चुलतभाऊ. भात भिजवायचा, उकडायचा, वाळवायचा आणि मग भरडायचा. फरक असा की भात उकडताना दाण्याच्या पोटात भरपूर पाणी असतं, त्यामुळे त्यातला स्टार्च तिथेच शिजून घट्ट बसतो. ओटला तेवढं पाणी मिळत नाही, त्याचा स्टार्च बराचसा कच्चाच राहतो. म्हणजे पाकिटातले हे ओट्स शिजलेले आहेत असं समजून कोमट दुधात टाकून खाऊ नयेत. माझ्या एका मित्राने खाल्ले. दिवसभर दात कोरत होता.

लोकांची खरी तक्रार वेळेची असते. चपटे ओट्स पाच मिनिटांत होतात, हे मात्र उघड्या भांड्यात पंचवीस-तीस मिनिटं घेतात. सकाळी मुलांची शाळा, एसटी, पाणी भरणं यात अर्धा तास पातेल्याशी कोण उभं राहणार? पण एवढा वेळ लागतो कशाला? उकळतं पाणी तर दोन्ही भांड्यांत १०० अंशांचंच असतं.

अडतं ते दाण्याच्या मधल्या भागापर्यंत पाणी पोचण्यावर. पाणी दाण्यात झिरपत जातं आणि झिरपण्याचा हिशेब जरा वाकडा असतो: अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. चपटा ओट साधारण अर्धा मिलिमीटर जाड, कणी दोन मिलिमीटरच्या आसपास. जाडी चौपट, म्हणजे वेळ सोळापट व्हायला हवा. प्रत्यक्षात पाच-सहापटच होतो, कारण कणीच्या कापलेल्या तोंडांतूनही पाणी आत घुसतं. अख्खा, न कापलेला दाणा घेतला तर पाऊण तास ते तासभर सहज जातो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. कण्या उकळत असताना दर पाच मिनिटांनी चार-पाच दाणे काढा आणि काचेच्या दोन तुकड्यांमध्ये दाबा. सुरुवातीला प्रत्येक दाण्याच्या मध्यभागी खडूसारखा पांढरा ठिपका दिसतो, कडेने काचेसारखी पारदर्शक पट्टी. पंधराव्या मिनिटाला ठिपका मोहरीएवढा. पंचविसाव्याला बहुतेक दाण्यांतून तो गेलेला. पांढरा भाग म्हणजे अजून पाणी न प्यालेला स्टार्च. पाणी पोचलं, तापमान साठ अंशांच्या आसपास गेलं की स्टार्चचे कण फुगतात, त्यांची आतली घट्ट रचना मोडते आणि दाणा पारदर्शक होतो. तांदळावर काम करणाऱ्या प्रयोगशाळाही शिजण्याचा वेळ असाच काचेत दाबून ठरवतात. शितावरून भाताची परीक्षा, ती ही.

एकदा हे कळलं की उपाय आपोआप सुचतो. पाण्याला आत जायला वेळच हवा असेल तर तो रात्री द्यावा, आपण झोपलेले असताना. एक वाटी कण्या दोन वाट्या पाण्यात रात्री भिजवल्या तर सकाळी आणखी दोन वाट्या पाणी घालून दहा-बारा मिनिटांत पेज तयार. यापेक्षा सोपी रीत मला ठाऊक नाही.

मात्र भांडं फ्रिजमध्ये ठेवा. हे मी हट्टाने सांगतो, कारण मे महिन्यात मी ते ओट्यावरच झाकून ठेवलं होतं. सकाळी झाकण काढलं तर वर बारीक बुडबुडे आणि ताकासारखा वास. आई म्हणाली, "आंबलं ते. आंबील कर नाहीतर टाक." आंबवायचं म्हणून आंबवलं तर ठीक, आंबोळ्यांचं पीठ आपण रोजच फुगवतो. नकळत आंबलेल्या भांड्यात कोण वाढलंय ते मात्र सांगता येत नाही.

याहून सावध राहायला हवं ते दुसऱ्या एका रीतीत. रात्री कण्यांना एक उकळी द्यायची, गॅस बंद करायचा आणि भांडं सकाळपर्यंत तसंच झाकून ठेवायचं. उरलेल्या उष्णतेवर दाणे छान फुगतात, पण बॅसिलस सिरियस नावाचा जंतू धान्यांवर सर्रास असतो आणि त्याचे बीजाणू उकळीलाही दाद देत नाहीत. पेज साठ अंशांच्या खाली आली की ते जागे होतात, आणि आपल्याकडच्या उबदार रात्री त्यांना अख्खी रात्र मेजवानी मिळते. शिळ्या भाताने पोट बिघडतं त्यामागे पुष्कळदा हाच असतो. शिवाय त्याने तयार केलेलं उलटीचं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. म्हणून उकळी दिलीत तर दीड-दोन तासांत भांडं कोमट झालं की फ्रिजमध्ये सरकवा. पावसात वीज जाणार असं वाटलं तर ही रीतच नको, त्या दिवशी कुकर काढा.

कुकरमध्ये शिट्टीचं वजन वाफ दाबून धरतं, त्यामुळे पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांवर पोचतं. स्वयंपाकातल्या बऱ्याच क्रिया दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात असं धरलं तर वीस अंशांत वेग चौपट. तीस मिनिटांची आठ होतात. (महाबळेश्वरला उलटं: तिथे पाणी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं, म्हणून डाळ शिजता शिजत नाही. समुद्रकाठी राहण्याचे हे लहानसहान फायदे कोणी मोजत नाही.)

पण ओट सरळ कुकरात ओतू नका. मी ओतले होते. पहिल्या शिट्टीबरोबर चिकट पांढरा फेस वजनाच्या खालून उसळला आणि भिंतीवर गेला. ओटमधली प्रथिनं आणि डिंकासारखा तंतू मिळून बुडबुड्याभोवती चिवट पडदा तयार होतो. तो लवकर फुटत नाही आणि फेस चढत राहतो. वाफेची वाटच बुजली तर प्रकरण धोक्याचं. यावर साधा उपाय म्हणजे वरण-भाताचा डबा. कुकरात तळाला पाणी, त्यावर डबा, डब्यात एक वाटी कण्या, साडेतीन वाट्या पाणी, मीठ आणि अर्धा चमचा तूप. डबा अर्ध्याच्या वर भरायचा नाही. तुपाचा थेंब त्या पडद्यावर पसरतो आणि त्याला भोक पाडतो, म्हणून फेस बसतो. एक शिट्टी झाली की आच मंद करून दहा मिनिटं, मग वाफ आपली आपण जिरू द्यायची. भात-डाळ त्याच कुकरात वरच्या डब्यात लावली तर दुपारचंही काम उरकतं.

गूळ घालायचा असेल तर शेवटी. साखर पाणी धरून ठेवते आणि स्टार्च फुगायला जास्त तापमान लागतं, त्यामुळे आधी गूळ घातलेल्या कण्या कडक राहतात. दूधही शेवटीच, आधी घातलं तर तळाला लागतं. आणि गुळाच्या उकळत्या पेजेत दूध ओतलं तर फाटण्याची भीती असते, हे खीर करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. आमसूल घातलंत तर दुधाचा विचारच सोडा.

आता तो बुळबुळीतपणा. चपट्या ओट्सबद्दल आईचं जे दुखणं होतं, त्याचं नाव बीटा-ग्लुकान. ओटच्या पेशींच्या भिंतींत हा तंतू असतो, दाण्याच्या सुमारे चार टक्के. शिजताना तो पाण्यात उतरतो आणि पेजेला दाटपणा येतो. हाच दाट द्रव आतड्यात पित्ताम्लं पकडून बाहेर नेतो. यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकानने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं उत्पादनांवर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७मध्ये परवानगी दिली. ३ ग्रॅम म्हणजे कोरडे ओट्स सुमारे ७५ ग्रॅम. आमच्या लहान वाटीने पाऊण वाटी. एवढ्याने वाईट कोलेस्टेरॉल पाच-सात टक्के उतरतं. हे कमी नाही, पण गोळ्या बंद कराव्यात इतकंही नाही.

साखरेच्या बाबतीत कणी चपट्याहून बरी, विशेषतः झटपट ओट्सच्या मानाने. झटपट ओट्सचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती भरभर चढते त्याचं माप, ७५च्या घरात, कण्यांचा ५५च्या आसपास. धान्य तेच. फक्त तुकडा जाड असला की पाचक रसांनाही आत शिरायला वेळ लागतो, पातेल्यातल्या पाण्यासारखाच. म्हणून आईसाठी मी पेज पार मोडेपर्यंत शिजवत नाही. दाणा दाताला लागला पाहिजे.

तरीही नाचणी हद्दपार करून तिच्या जागी ओट्स आणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, ओटमध्ये त्याच्या पाव वाटाही नाही. आमच्याकडे आता आठवड्यातून चार दिवस ओटच्या कण्या, बाकीचे दिवस नाचणीची आंबील नाहीतर उकड्या तांदळाची पेज.

उरलेली पेज फ्रिजमध्ये दगडासारखी होते, त्याला घाबरू नये. थंड झाल्यावर स्टार्चच्या सुट्या झालेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना धरून बसतात. अर्धी वाटी पाणी घालून हळूहळू गरम केली की सैल होते, तीन दिवस चालते. म्हणून रविवारी मी दुप्पट लावतो. गॅसवरून उतरवताना पेज जरा पातळच वाटली पाहिजे, ताटात येईपर्यंत ती घट्ट होते. आई तिच्यावर तूप आणि मेतकूट घालते, बाजूला पोह्याचा पापड. भाच्याने परवा फोनवर विचारलं, "आजी, ओट्स आवडले का?" ती म्हणाली, "कुठले ओट्स? त्या कण्या संपत आल्यात, अजून पाठव."