कण्याचे खोल स्नायू : मापन आणि व्यायाम

मणक्याला मणका धरून ठेवणारे, कण्याला अगदी चिकटून असलेले स्नायू. पाठीकडून मणक्यांमध्ये तिरपा विणलेला मल्टिफिडस आणि पोटात सगळ्यांत आत, कंबरपट्ट्यासारखा गुंडाळलेला ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस हे त्यांतले मुख्य. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. वजन उचलणे हे यांचे मुख्य काम नव्हे. हातपाय हलण्याच्या आधी कणा सावरून धरणे हे आहे. म्हणून रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढणाऱ्या दणकट गड्यालाही नुसती घागर उचलताना उसण भरू शकते. हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवले, की हात उचलताना ट्रान्सव्हर्सस निरोगी माणसात आधीच आवळतो, कंबरदुखी असलेल्यांत मात्र उशिरा.

कोकणात या स्नायूंची खरी परीक्षा आषाढात, भाताच्या लावणीला. पूर्ण वाकले की पाठीचे स्नायू जवळपास गप्प होतात आणि भार अस्थिबंधांवर, म्हणजे हाडे एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांवर, जातो. तासभर तसे राहिल्यावर अस्थिबंध सैल पडतात, आणि नेमके त्याच क्षणी बाई तरव्याची (भाताच्या रोपांची) ओली जुडी उचलायला वळते.

मोजण्याची सोपी रीत म्हणजे हवेची पिशवी आणि दाबमापक. रुग्णाला पालथे झोपवून पिशवी पोटाखाली ठेवतात व दाब पाऱ्याच्या 70 मिलिमीटरवर आणतात. कणा न हलवता बेंबी हळूच आत घेतली, की काटा 6 ते 10 मिलिमीटर उतरायला हवा. 10 सेकंद धरायचे, असे 10 वेळा. श्वास रोखून किंवा कंबर उचलून काटा खाली आणणारे बरेच असतात. तो आकडा धरत नाहीत. स्नायूची जाडी सोनोग्राफीवर दिसते. टेबलाच्या कडेबाहेर धड अधांतरी धरून वेळ मोजण्याची सोरेन्सेन चाचणीही आहे (कमाल 240 सेकंद), पण ती सगळ्या पाठीचा दम मोजते, खोल स्नायूंचा वेगळा नाही.

व्यायामाची सुरुवात उताणे, गुडघे दुमडून, बोलता बोलता बेंबी आत धरण्याने होते. मग हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन उलट बाजूचा हात-पाय लांबवणे, कुशीवर कोपराच्या आधाराने कंबर उचलणे. जोर बेताचाच, धरण्याचा वेळ वाढवत न्यायचा. जुनाट कंबरदुखीत हे व्यायाम इतर व्यायामांपेक्षा फार सरस ठरलेले नाहीत; नियमाने करणे जास्त मोलाचे. पायांत बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायाम नव्हे, ताबडतोब डॉक्टर.

उसण भरली की पायाळू (पायांकडून जन्मलेल्या) माणसाकडून पाठीला लाथ मारून घ्यायची जुनी समजूत आहे. गुण येतो तो दिवसांचा, लाथेचा नव्हे. बहुतेक उसण काही आठवड्यांत आपोआप उतरते. मल्टिफिडस मात्र आपोआप भरत नाही. 1996 च्याच ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात पहिल्यांदा कंबर धरलेल्यांचे दुखणे थांबले, तरी दुखऱ्या बाजूचा हा स्नायू व्यायाम न करणाऱ्यांत रोडावलेलाच राहिला होता.